रात्रीच्या खोदकामाची मोजणी त्याच रात्री व्हावी : कॉटन ग्रीन परिसरातील लहान ठेकेदारांचे निवेदन

स्थळ : कॉटन ग्रीन, मुंबई
नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
मुंबई

विषय : लहान खोदकाम ठेकेदारांच्या कामांची वेळेवर मोजणी करून थकलेली बिले अदा करणेबाबत.

संदर्भ : यापूर्वी दिलेले अर्ज, त्यांची स्मरणपत्रे आणि त्यांवर मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे कॉटन ग्रीन, घोडपदेव, काळाचौकी, रे रोड आणि शिवडी भागात पाया खोदणे, भराव टाकणे, गटारांचे व जलवाहिन्यांचे चर काढणे अशी कामे करणारे लहान ठेकेदार आहोत. आमच्यापैकी कोणाकडे एक यंत्र आहे, कोणाकडे दोन. तीनच्या वर फारसे कोणी गेलेले नाही. का गेलेले नाही, तेच या निवेदनात सांगायचे आहे. याआधीच्या अर्जांत आम्ही ते थोडक्यात सांगितले होते. थोडक्यात सांगून काही हलले नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहोत.

या धंद्यात माणूस वर कसा येतो हे आपण रोज पाहता. सुरुवात टिकाव, फावडे आणि माणसांच्या टोळीने होते. आमच्यातल्या काहींचे वाडवडील वडार समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या दगड-माती उपसणारे. पुढे तासाच्या भाड्याने आणलेला जेसीबी येतो. मग कोणाचा तरी हजारो तास चाललेला, पिन-बुश खिळखिळे झालेला जुना जेसीबी विकत घेतला जातो. मालकच त्याचा ऑपरेटर, मालकच फिटर. चार-पाच वर्षे त्यात हात काळे केल्यावर बँक दारात उभे करते आणि पहिले नवे यंत्र येते. त्याला ब्रेकर लावला की कामाची जात बदलते. मिनी एक्स्कॅव्हेटर घेतला की घोडपदेवच्या चाळींमधल्या बोळांत शिरता येते, जिथे मोठ्या ठेकेदाराच्या पोकलेनला वळायलाही जागा नसते. लहान सुरुवातीतून फार मोठे झाल्याचे उदाहरणही आहे. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतले कारकून होते. वालचंद हिराचंदांशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले आणि त्या कामातून वालचंदांचे पाऊल ज्या धंद्यात पडले, त्यातूनच पुढे १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. आम्ही एवढी मोठी स्वप्ने पाहत नाही. दुसरे यंत्र घेता यावे आणि पहिले ओढून नेले जाऊ नये, इतकेच पाहतो.

त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. यंत्र रिकामे उभे राहता कामा नये, आणि त्याने कमावलेला पैसा हप्त्याच्या तारखेआधी हातात आला पाहिजे. पहिली गोष्ट आम्ही सांभाळतो. दुसरी आपल्या कार्यालयाच्या हातात आहे.

आता मुख्य तक्रार. रस्त्यातले आमचे काम रात्री चालते. वाहतूक थांबवण्याची परवानगी रात्रीपुरतीच असते आणि पहाटे रस्ता मोकळा करून द्यावा लागतो. ब्रेकरने डांबर फोडायचे, बकेटने चर काढायचा, पाणी उपसायचे, वाहिनी टाकायची, मुरूम भरून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा आणि उजाडायच्या आत यंत्र बाजूला घ्यायचे. हे सगळे होते, बहुतेक वेळा वेळेत होते. होत नाही ती मोजणी. रात्री कळवायला गेलो तर मोजणीच्या अभियंत्याचा फोन लागत नाही. सकाळी अकरा वाजता कोणी आले तर आमचे नशीब; एरवी तीन-चार दिवसांनी येतात आणि बुजवलेल्या चराकडे पाहून विचारतात, “दिसत नाही ते एम.बी.त (मोजमाप वहीत) कसे चढवू?”

महोदय, चर हाताने खणला जात असे तेव्हा तो आठवडाभर उघडा असे आणि साहेब सवडीने येऊन टेप लावत. ते आठवड्याचे काम आता यंत्र एका रात्रीत उरकते. हा वेग आम्ही पस्तीस लाखांच्या पुढचे यंत्र कर्जावर घेऊन आणलेला आहे, आणि कार्यादेशात मुदत घालताना आपले कार्यालय तो गृहीत धरते. मोजणीच्या वेळी मात्र टिकाव-फावड्याच्या जमान्यातले वेळापत्रक बाहेर काढले जाते. खड्डा उघडा ठेवला तर दंड, बुजवला तर मोजणी नाही. आम्ही नेमके काय करावे, हे एकदा लेखी कळवावे.

यात दुसरा घोळ मातीच्या वर्गवारीचा. कॉटन ग्रीनची जमीन कागदावरून कळत नाही. माझगाव-शिवडीचा हा भराव १९०८ ते १९१२ या काळात समुद्र हटवून झाला आणि त्यावर कापसाची गोदामे उभी राहिली. आमच्या एका चराचेच उदाहरण देतो. वर डांबर, त्याखाली खडीचा थर, मग फुटकी कौले आणि कोळशाची राख, मग अचानक चुन्यात बांधलेली काळ्या दगडाची जाड भिंत, बहुधा जुन्या गोदामाचा पाया. तीवर ब्रेकर मध्यरात्रीपासून चालला, छिन्नी बोथट झाली, एक होज फुटला. भिंत संपली तिथे शिंपल्यांची काळी चिकट माती लागली आणि भरतीबरोबर चरात पाणी चढू लागले. दोन पंप लावूनही कडा ढासळत होत्या. बिलात या संपूर्ण चराची नोंद ‘नरम माती’ अशी झाली. भिंतीचा उल्लेख नाही, पंपांचे तास नाहीत, ढासळलेली माती दोनदा काढली त्याचाही उल्लेख नाही. फोटो दाखवले तर फोटो ग्राह्य नसतात असे उत्तर मिळाले. दगड दाखवायला या म्हटले तर दगड डंपरमध्ये गेला होता. तो रस्त्यावर ठेवला असता तर त्याचाही दंड झाला असता.

यंदा मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. मे महिन्याचे शेवटचे दिवस पावसाळ्यापूर्वीची कामे संपवण्याचे असतात, त्यामुळे आमचे कितीतरी चर त्या रात्री अर्धवट होते. ते पाण्याने भरले, कडा आत आल्या, पुन्हा उपसून आम्ही ते पूर्ण केले. त्या आधीच्या आठवड्यात मोजणीसाठी दिलेल्या पत्रांवर पोच आहे, मोजणी नाही. आता त्या कामांबद्दल “पावसाने पुरावा गेला” असे सांगितले जाते. पुरावा पावसाआधी तिथेच होता, महोदय. पाहायला कोणी आले नाही.

मोजणी अडली की बिल अडते. बिल अडले तरी हप्ता, डिझेल, ऑपरेटरचा पगार, विमा आणि कर यांतले काहीच थांबत नाही. चांगला ऑपरेटर दोन महिने पगार उशिरा झाला की पनवेलकडच्या मोठ्या साइटवर निघून जातो आणि नवख्याच्या हाती यंत्र दिले की पहिल्याच आठवड्यात कुठली तरी केबल तुटते. तिचा भुर्दंड पुन्हा आमच्याच अंगावर येतो. आमच्यातल्या एकाचा मिनी एक्स्कॅव्हेटर थकलेल्या हप्त्यांपायी वित्त कंपनीच्या माणसांनी भर दुपारी ट्रेलरवर चढवून नेला. त्या दिवशी आपल्या कार्यालयाकडून त्याला येणे असलेली रक्कम थकलेल्या हप्त्यांहून मोठी होती. तो आता दुसऱ्याच्या यंत्रावर ऑपरेटर म्हणून काम करतो. पैसे वेळेवर देण्याचे नियम आपणांस आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत, ते इथे उतरवून कागद वाढवत नाही.

आश्वासनांबद्दल लिहिणे भाग आहे. गेल्या वर्षी गणपतीपूर्वी बिले सुटतील असे सांगितले गेले. लालबागचे गणपती विसर्जन होऊन गेले. मग दिवाळी म्हटले, मग मार्चअखेर. मार्चअखेरीस निधी परत गेल्याचे कळले. रात्रपाळीसाठी स्वतंत्र कनिष्ठ अभियंता नेमू, असे बैठकीत सर्वांसमोर सांगण्यात आले होते. त्या बैठकीचे इतिवृत्त मागितले तेव्हा ती बैठक अनौपचारिक होती असे उत्तर आले. यंदाही गणपतीपूर्वीचाच वायदा झाला आणि यंदाही गणपती गेले.

आमची मागणी अवघड नाही. रात्रीच्या कामावर मोजणीचा अधिकार असलेला एक माणूस हजर असावा. तो देता येत नसेल, तर बुजवण्यापूर्वी साइटवरच्या पर्यवेक्षकाने आणि ठेकेदाराने मिळून लांबी, रुंदी, खोली आणि लागलेल्या थरांची नोंद जागेवर करावी, दोघांनी सही करावी, आणि ती नोंद एम.बी.साठी ग्राह्य धरावी. सोबत ठिकाण व वेळेसह फोटो असतील. आमच्या नव्या यंत्रांत उपग्रहाद्वारे नोंद ठेवणारी प्रणाली आहे. जेसीबीच्या यंत्रांत तिला लाइव्हलिंक म्हणतात. यंत्र कुठे होते, किती वाजता सुरू झाले, किती तास चालले, हे तीत आपोआप उतरते. एखाद्या ठेकेदाराने मारलेली थाप पकडायलाही ती नोंद कामी येईल, त्याला आमची हरकत नाही. चुन्याची भिंत, खडक, पाणी लागले तर त्याची वर्गवारी त्याच रात्रीच्या नोंदीत व्हावी. अशी नोंद झाल्यापासून बिल किती दिवसांत निघेल, तो आकडा आपणच ठरवावा. पण ठरवावा आणि पाळावा. २६ मेच्या पावसात सापडलेल्या कामांची मोजणी उपलब्ध फोटो आणि यंत्रांच्या नोंदींवरून करून ती बिले आधी काढावीत.

बाकीच्या मागण्या थोडक्यात. रात्री यंत्रे उभी करायला रे रोड किंवा शिवडी बाजूला जागा द्यावी. डेब्रिज टाकण्याचे ठिकाण कार्यादेशातच लिहून द्यावे. दोषदायित्वाची मुदत संपलेल्या कामांची अनामत रक्कम परत करावी. १ जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ उत्सर्जन मानकाची यंत्रे आली म्हणून त्याआधीची चांगली चालणारी यंत्रे निविदेतून एकदम बाद करू नयेत.

आणि लहान कामे लहानच ठेवावीत. २०२३च्या सुरुवातीला शहरातल्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची कामे पाच मोठ्या ठेकेदारांकडे गेली. प्रत्यक्ष खोदायला पुन्हा आमच्यासारख्यांचीच यंत्रे लागली, फक्त मध्ये दोन हात वाढले. इथे अभ्युदयनगरचा पुनर्विकास होऊ घातला आहे, शिवडीत अटल सेतूला जोडणाऱ्या उन्नत मार्गाचे काम चालू आहे. एवढे खोदकाम दारात असताना स्थानिक ठेकेदाराने तासाच्या भाड्यावर राबत राहावे, हे आम्हाला पटत नाही.

या निवेदनाला लेखी उत्तर मिळावे, तोंडी नको. १५ डिसेंबरपर्यंत ते न आल्यास हाती घेतलेले चर पूर्ण करून, बुजवून, रस्ता मोकळा करून आम्ही थांबू. त्यापुढचा एकही नवा चर मोजणीचा माणूस जागेवर आल्याशिवाय खोदला जाणार नाही.

आपले,
कॉटन ग्रीन परिसरातील लहान खोदकाम ठेकेदार
(सह्या सोबतच्या पानावर)

सोबत : पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या, मोजणीसाठी दिलेली पत्रे, फोटो, यंत्रांच्या तासांच्या नोंदी.