दार बाहेर का उघडतं?



मागे एकदा आम्ही चौथीच्या वर्गाला बालनाट्य बघायला घेऊन गेलो होतो. नाटक संपलं, टाळ्या झाल्या आणि बाजूच्या दारापाशी आमचं एक चिमुरडं घुटमळत उभं राहिलं. त्या दाराला मधोमध एक आडवा लोखंडी दांडा होता. याने तो नुसता पोटाने ढकलला, तर काय! खट्कन दार उघडलं आणि स्वारी थेट बाहेर. मग काय विचारता, प्रत्येकालाच तो दांडा ढकलून बघायचा होता.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "बाई, आमच्या घराचं दार आत उघडतं. हे बाहेर का उघडतं? आणि याला कडी का नाही?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. "गर्दी असते ना, म्हणून," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. घरी येऊन पुस्तकं काढून बसले. तर त्या दांड्याने मला नेलं ते एकदम इंग्लंडात, राणी व्हिक्टोरियाच्या काळात. आज तीच गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. गोष्ट बरीचशी गमतीची आहे आणि थोडी डोळ्यांत पाणी आणणारी. पण ऐकायलाच हवी अशी आहे.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौसष्ट वर्षं, तिने राज्य केलं. १८५८ पासून तर आपल्या देशाचा कारभारही तिच्याच नावाने चालायचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं आधीचं नाव आठवतंय ना? व्हिक्टोरिया टर्मिनस! तीच ही राणी.

तिच्या काळातलं लंडन म्हणजे माणसांचा नुसता महापूर. १८५१ च्या खानेसुमारीत तिथे २३ लाखांहून जास्त लोक होते. रेडिओ नाही, टीव्ही नाही, सिनेमाही नाही. मग एवढ्या लोकांनी दिवसभर राबल्यावर संध्याकाळी करायचं तरी काय? ज्याच्या खिशात चार पैसे असतील तो करमणुकीच्या शोधात बाहेर पडायचा. अ‍ॅस्टलीच्या सर्कशीत घोड्यांच्या कसरती चालायच्या. म्युझिक हॉलमध्ये गाणी आणि नकला व्हायच्या. १८५१ साली हाइड पार्कमध्ये काचेचा एक भलामोठा महाल उभा राहिला आणि त्यात जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. साडेपाच महिन्यांत सुमारे ६० लाख लोकांनी तिथे पाय लावले. आपला कोहिनूर हिराही तिथे मांडलेला होता, बरं का!

पण सगळ्यांत मोठं वेड होतं ते नाटकाचं.

त्यातही एक गंमत होती. १८४३ सालापर्यंत लंडनमध्ये नुसते संवाद बोलून गंभीर नाटक करायची मुभा मोजक्याच नाट्यगृहांना होती. ज्यांना राजाची सनद, त्यांनाच ती परवानगी. ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन ही त्यांतली मुख्य. बाकीच्यांनी मग काय करावं? त्यांनी नाटकात गाणी घातली, नाच घातले, वाद्यं घातली आणि आपलं काम भागवलं. १८४३ च्या कायद्याने ही मक्तेदारी संपली. आणि योगायोग पाहा, त्याच १८४३ साली आपल्याकडे सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं. तिकडे नाटकाची दारं सगळ्यांना उघडत होती आणि इकडे मराठी नाटकाचा पडदा वर जात होता.

आता चला, डोळे मिटा. समजा, तुम्ही त्या काळातल्या लंडनमधल्या एका कामगाराचा मुलगा किंवा मुलगी आहात. बाबांचा हात धरून नाटकाला निघाला आहात. समोरचं भव्य दार, मखमली पडदे, बग्ग्यांमधून उतरणारे श्रीमंत लोक. तुम्ही तिकडे निघालात की बाबा हात ओढतात, "तिकडून नाही रे!" तुमचं दार बाजूच्या गल्लीत. आत शिरलं की चिंचोळा जिना. चढा, चढा, अजून चढा. पाय भरून आले की छताला टेकलेली गॅलरी लागते. तिकीट साधारण सहा पेन्स. बसायला पाठ नसलेले बाक. खाली बॉक्समध्ये बसलेले श्रीमंत लोक वरून अगदी बाहुल्यांसारखे दिसतात.

पण मजा विचाराल, तर सगळ्यांत जास्त याच गॅलरीत! इथे सोबत संत्री आणायची, साली खाली टाकायच्या (तुम्ही मात्र असं करू नका हं). खलनायक आला की आरडाओरडा, नायक आला की शिट्ट्या. एका संध्याकाळी एकच नाटक नसायचं. मोठं नाटक, मग छोटं विनोदी नाटक, असं करत मध्यरात्र व्हायची. बऱ्याच ठिकाणी नऊच्या सुमाराला गेलं की अर्ध्या तिकिटात प्रवेश मिळायचा. कारखान्यातून उशिरा सुटणाऱ्यांची तेवढीच सोय. चार्ल्स डिकन्स हे मोठे लेखक तुम्हांला ठाऊक असतील. ते स्वतः अशा स्वस्त नाट्यगृहात जाऊन बसले आणि त्यावर त्यांनी लेखही लिहिला.

नाताळच्या दिवसांत तर मुलांची चंगळ. तेव्हा पँटोमाइम नावाचा खेळ लागायचा. त्यात पऱ्या, राक्षस, गाणी, विदूषक आणि क्षणात बदलणारे देखावे. रंगमंचावर काम करणारी मुलंही असायची. एलेन टेरी नावाची मुलगी १८५६ साली, अवघ्या नऊ वर्षांची असताना, लंडनमध्ये शेक्सपिअरच्या नाटकात राजपुत्राचं काम करत होती. पहिल्याच प्रयोगाला समोर साक्षात राणी व्हिक्टोरिया! हातातल्या खेळण्यातल्या गाडीला अडखळून एलेन धप्पकन पडली आणि तिला रडू कोसळलं. पण तिने नाटक सोडलं नाही. पुढे ती इंग्लंडातली फार मोठी अभिनेत्री झाली. तेव्हा संमेलनात संवाद विसरलात, तर मुळीच खचून जाऊ नका!

आता मला सांगा, हे सगळं दिसायचं कशाच्या उजेडात? वीज तर नव्हती. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे मागे पडून गॅसचे दिवे आले होते. शिवाय चुन्याचा तुकडा प्रचंड उष्ण ज्योतीत तापवला की तो पांढराशुभ्र झळकतो. त्याचा झोत मुख्य नटावर टाकायचे. त्यालाच म्हणायचे लाइमलाइट. आजही एखाद्याचं नाव गाजू लागलं की आपण म्हणतो ना, 'तो प्रकाशझोतात आला'? अगदी तसंच इंग्रजीत 'लाइमलाइटमध्ये आला' असं म्हणतात. ते या चुन्याच्या दिव्यामुळे.

पण दिवा म्हणजे ज्योत आणि ज्योत म्हटली की भीती आलीच. आजूबाजूला रंगवलेले कापडी पडदे, लाकडी सांगाडे, नर्तकींचे झिरझिरीत झगे. १८५६ साली कॉव्हेंट गार्डनचं नाट्यगृह जळून खाक झालं. अशी कितीतरी नाट्यगृहं त्या काळात जळाली.

मग १८८१ साली लंडनमध्ये सॅव्हॉय थिएटर सुरू झालं. संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळलेली ही जगातली पहिली सार्वजनिक इमारत. सुमारे १२०० दिवे! पण लोकांना विजेचीच भीती. तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आले. त्यांनी एक पेटता दिवा पातळ कापडात गुंडाळला आणि हातोडीने फोडला. दिवा विझला. कापड वर करून दाखवलं, तर त्यावर साधा डागही नव्हता! काय टाळ्या पडल्या असतील, विचार करा.

म्हणजे दिव्याचा प्रश्न सुटत आला. पण दाराचं काय? दाराकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आता आपल्याला लंडनहून बरंच उत्तरेला, समुद्रकाठच्या संडरलँड गावात जायचं आहे. तारीख १६ जून १८८३, वार शनिवार. तिथल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये खास मुलांसाठी जादूचे खेळ होते. तिकीट अवघं एक पेनी. शिवाय खेळ संपल्यावर ठरावीक नंबरच्या तिकिटांना बक्षीस मिळणार होतं. वरच्या गॅलरीत हजाराच्या आसपास मुलं होती. बरीचशी मोठ्या माणसांशिवाय आलेली.

खेळ संपता संपता रंगमंचावरून खाली बसलेल्या मुलांना खाऊ आणि खेळणी वाटायला सुरुवात झाली. वरच्या मुलांना वाटलं, आपल्याला काहीच उरणार नाही! सगळी एकदम जिन्याकडे धावली. जिन्याच्या तळाशी दार होतं. ते आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि बोल्ट घालून असं अडकवलेलं, की फटीतून एका वेळी एकच मूल जाऊ शकेल. पुढची मुलं अडकली. मागच्यांना ते कळेना. ती ढकलत राहिली.

दोस्तांनो, आग नव्हती, धूर नव्हता. फक्त एक दार होतं. त्या दुपारी १८३ मुलं दगावली. कुणी तीन वर्षांचं, कुणी चौदा वर्षांचं. हॉलच्या रखवालदाराने दार उघडायची धडपड केली. ते होईना तेव्हा तो दुसऱ्या जिन्याने वर धावला आणि त्याने शेकडो मुलांना त्या वाटेने बाहेर काढलं. म्हणून ती वाचली. तो बोल्ट कुणी घातला, हे चौकशीतही नक्की ठरलं नाही.

मुद्दाम कुणी वाईट वागलं होतं का? नाही. मुलांना खाऊ हवा होता. वाटणाऱ्यांना मुलांना खूश करायचं होतं. दार अडवणाऱ्यालाही बहुधा एकेकाला रांगेने सोडायचं असेल. पण 'सगळे एकदम आले तर?' हा एक प्रश्न कुणी स्वतःला विचारला नाही.

चारच वर्षांनी, १८८७ च्या सप्टेंबरात, एक्झिटर शहरातल्या नाट्यगृहाला गॅसच्या दिव्यामुळे आग लागली. १८६ माणसं गेली. त्यांतली बहुतेक गॅलरीतली होती. तीच ती उंचावरची, स्वस्त तिकिटाची गॅलरी! तिला बाहेर पडायला पुरेसे रस्तेच ठेवले नव्हते.

देश हादरला. नियम कडक होत गेले. लोक जमतात त्या जागी बाहेर पडायचे रस्ते पुरेसे हवेत, दारं बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत. १८९२ साली रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या माणसाने अशा बोल्टचं पेटंट घेतलं, जो आतून नुसतं ढकललं की सुटतो. अंधार असो, हात मोकळे नसोत, कडी सापडो न सापडो, अंग टेकलं की दार उघडलं पाहिजे. आमच्या त्या चिमुरड्याने पोटाने ढकललेला दांडा म्हणजे त्याच कल्पनेचा वारस. संडरलँडच्या बागेत आजही त्या मुलांचं स्मारक आहे. मांडीवर आपलं मूल घेऊन बसलेली एक आई. मला मात्र वाटतं, त्यांचं खरं स्मारक म्हणजे बाहेर उघडणारं प्रत्येक दार.

हे सगळं वाचून झालं आणि आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. हॉलच्या मागच्या दाराला नेहमीप्रमाणे कुलूप. "बाहेरची मुलं घुसतात हो बाई," शिपाईमामा म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. दरवर्षी मीही त्या कुलपाकडे बघून पुढे गेले होते. या वेळी पाय पुढे जाईना. मी त्यांना व्हिक्टोरिया हॉलची गोष्ट सांगितली. मामा काही बोलले नाहीत. खिशातून किल्ली काढली, कुलूप काढलं आणि संमेलन संपेपर्यंत स्वतः स्टूल टाकून त्या उघड्या दाराशी बसले. बक्षीस-समारंभही आम्ही सगळ्यांना जागेवर बसवूनच केला.

तर मुलांनो, आता तुमचा गृहपाठ. नाटकाला, सिनेमाला, सर्कशीला जरूर जा. खूप हसा, टाळ्या वाजवा. फक्त खुर्चीत बसल्यावर पडदा वर जाण्याआधी मान वळवून बाहेर जायची दोन दारं शोधून ठेवा. खाऊ वाटत असले, तरी धावू नका आणि पुढच्याला ढकलू नका. तो का थांबलाय, हे तुम्हांला मागून दिसत नसतं.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठीही थोडा गृहपाठ आहे. मुलांच्या शाळेचा हॉल, क्लासची खोली, मंगल कार्यालय, कुठेही गेलात की एकदा मागच्या दाराकडे बघा. कुलूप दिसलं, तर विचारायला संकोच करू नका.

आमच्या त्या चिमुरड्याला मी दुसऱ्या दिवशी नीट उत्तर दिलं. ऐकून तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, मग आपल्या वर्गाचं दार आत का उघडतं?"

आता यावर काय सांगू? मोठ्या बाईंकडे जाऊन विचारायचं ठरवलं आहे!

तुमच्या बाई