शटरला दोन कुलपं, मग अकाउंटला एकच का?



ओझरच्या बॅचमध्ये मी नेहमी विचारतो, "रात्री शटरला किती कुलपं लावता?" उत्तर ठरलेलं, दोन. "आणि दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपला?" सगळे गप्प.

"आपलं छोटं दुकान, कोण हॅक करणार?" हा समज आधी काढून टाका. चोराला तुमचा गल्ला नको, तुमचं नाव हवं असतं. तुमच्या नंबरवरून "अर्जंट पाच हजार पाठवा" असा मेसेज गेला की गिऱ्हाईक विश्वासाने पाठवतं. पैसे त्याचे जातात, पत तुमची.

११ ऑगस्ट २०२४ ला खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप हॅक झाल्याचं स्वतः जाहीर केलं, फोन-मेसेज करू नका असं सांगितलं. त्यांची पोस्ट लगेच सगळीकडे पोचली. आपलं व्हॉट्सअ‍ॅप गेलं तर आपण गिऱ्हाइकांना कळवणार कुठून? सगळे नंबर तर त्यातच!

टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणजे बँकेचं लॉकर. एक किल्ली बँकेची, एक आपली. एकट्या किल्लीने उघडत नाही. तुम्ही हे रोज वापरताय. यूपीआयला रजिस्टर केलेला फोन लागतो आणि पिनही लागतो. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला तर रिझर्व्ह बँकेने २००९ पासूनच दुसरी पायरी सक्तीची केली. पैशाला दोन किल्ल्या आणि धंद्याच्या ईमेलला फक्त पासवर्ड, तोही दुकानाचं नाव आणि १२३?

एक अडचण मात्र खरी आहे. "पोराला लॉगिन द्यावं लागतं, दर वेळी ओटीपी कोण सांगत बसणार?" मीही हाच विचार करून दुकानाचं पेज कामावरच्या मुलाच्या नंबरवर काढलं होतं. तो काम सोडून गेला, सिम बंद पडलं आणि कोड त्या बंद नंबरवर जात राहिला. ऐन दिवाळीत माझंच पेज मला उघडेना. मुलाची चूक नव्हती, माझी होती. म्हणून सांगतो, पासवर्ड वाटू नका. फेसबुक पेज, गूगल बिझनेस प्रोफाइल यांत दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या लॉगिनने अ‍ॅक्सेस देता येतो. मालकी आपल्याकडे ठेवा. माणूस गेला की नाव काढा.

आज दुकान उघडण्याआधी एवढं करा. पहिलं ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग व्हॉट्सअ‍ॅप: सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन टाका, ईमेलही जोडा. जमेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या, कारण तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून एसएमएस पळवता येतो. बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. फोन हरवला तर तेच कामी येतील.

आणि हो, ओटीपी स्वतःच सांगितला तर दहा कुलपंही फुकट. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

दहा मिनिटांचं काम आहे. कंटाळा येतो, मान्य. पण कंटाळा आला म्हणून कधी शटर उघडं टाकून घरी गेलात का?