आधी भौतिकशास्त्र, मेंदू मागाहून?

बारावीनंतर न्यूरोसायन्सची पदवी घ्यायची म्हटलं की पहिली हरकत घरातूनच येते : 'मेंदूचंच करायचं तर नीट दे, डॉक्टर हो.' हिच्यावर फार शाई खर्चायला नको. आजारी मेंदू बरा करणं हे डॉक्टरचं काम. धडधाकट मेंदू चालतो कसा हा निराळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी साडेपाच वर्षांचं एमबीबीएस करायलाच हवं असं नाही.

दुसरी हरकत वजनदार आहे, कारण ती खुद्द शास्त्रज्ञ घेतात. अठराव्या वर्षी इतका अरुंद विषय कशाला? आधी भौतिकशास्त्र किंवा गणित पक्कं करा, मेंदू पीएचडीला आहेच. दाखलेही भक्कम देतात. स्मृतीवरच्या कामासाठी २००० साली नोबेल मिळालेले एरिक कँडेल हार्वर्डमध्ये इतिहास आणि साहित्य शिकले. फळमाशीच्या वर्तनाची जनुकं शोधणारे सिमूर बेंझर भौतिकशास्त्रातून आले. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये माशीच्या वासाचं-चवीचं संशोधन उभं करणारे ओबैद सिद्दीकी मूळचे वनस्पतिशास्त्राचे.

दाखले खरे आहेत, निष्कर्ष लंगडा आहे. ही मंडळी बाहेरून आली, कारण त्यांच्या तरुणपणी आत शिरायला दारच नव्हतं. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजनं पदवीला हा विषय सुरू केला तो १९७३ मध्ये, आणि तोही अगदी पहिल्यांपैकी एक. कँडेल पदवी घेऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती. मेंडेल ख्रिस्ती मठात राहत, म्हणून जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आधी मठात जावं असं कुणी म्हणत नाही.

आणि विषय अरुंद? हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांचं १९५२ चं काम पाहा. स्क्विडचा, म्हणजे आपल्या मासळीबाजारातल्या माकूलच्या भाऊबंदाचा, एक चेतातंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. तेवढ्या जाडीमुळे त्यात तार घालता आली. सोडियमचे आयन आत घुसतात, मागोमाग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि त्यातून विजेचा ठोका पुढे सरकतो. हे त्यांनी चार विकलक समीकरणांत मांडलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्स्लींनी हातानं फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. हा एक ठोका समजून घ्यायचा तर आयनांचं रसायनशास्त्र लागतं, धारित्र आणि रोध लागतात, कलनशास्त्र लागतं. आपल्याकडे अकरावीलाच 'बायो घेतलं, मॅथ्स सोडलं' अशी वाटणी होऊन जाते. ती चूक आहे हे इतक्या लख्खपणे दाखवणारा दुसरा विषय मला तरी दिसत नाही. नुसतं 'गणित पक्कं कर' म्हटल्यानं जो मुलगा हलत नाही, तो ह्या ठोक्यापायी समीकरणाशी झटतो.

शिवाय मेंदूच्या नावावर चालणारा धंदा बघा. मध्यंतरी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे, म्हणजे मुलांचा मध्यमेंदू म्हणे 'चालू' करून देणारे, वर्ग गावोगावी निघाले. पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे! नाकाजवळच्या फटीतून ती बघतात, हे विवेकवाद्यांनी उघड केलं. पण मध्यमेंदू बंद असता तर मूल जागंच राहिलं नसतं, हे सांगणारा पदवीधर त्या गावात हवा होता. रंगीत स्कॅन दाखवून 'हा पाहा प्रेमाचा बिंदू' म्हणणाऱ्यालाही तोच अडवील : एफएमआरआय रक्तातला प्राणवायू मोजतं, विचार नव्हे.

'स्कोप काय?' हा प्रश्न उरतोच. नुसत्या पदवीवर कुणी मेंदूशास्त्रज्ञ होत नाही, हे कबूल. भौतिकशास्त्राच्या बीएस्सीवर तरी कोण भौतिकशास्त्रज्ञ होतं? विरोधकांचं एक मात्र मी पूर्ण मान्य करतो. न्यूरोसायन्सची पाटी लावून मेंदूच्या भागांची नावं घोकून घेणारे अभ्यासक्रम असतात. म्हणून माहितीपत्रकावरचं चित्र बाजूला ठेवून दुसऱ्या वर्षाचे विषय वाचावेत. त्यात गणित, संख्याशास्त्र आणि स्वतःच्या हातानं करायचे प्रयोग नसतील, तर ती फी वाचवून सरळ भौतिकशास्त्राला प्रवेश घ्यावा.