शाबासकीचा शब्द

रहस्यकथा वाचून आम्ही सुखाने निजतो. कारण शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो आणि घराची विस्कटलेली घडी पुन्हा बसते. अशा कथा लिहिणारी अगाथा ख्रिस्ती तरुणपणी आजारात अंथरुणावर कंटाळली असता, कथा लिहून पाहा, असे तिला सुचविले ते तिच्या आईने. या मातेला, क्लाराला, बालपणी विधवा आईने मावशीकडे वाढावयास दिले होते. आपण आईला नकोसे झालो, हे शल्य तिच्या मनातून कधीच गेले नाही. परंतु आपल्या लेकीला तिने उत्तेजनच दिले. १९२० साली अगाथेची पहिली रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली, ती आईलाच अर्पण केलेली! १९२६ साली आई निवर्तली, तेव्हा लेक पार खचून गेली.

वाचकहो, मूल पन्नाशीचे झाले तरी आईबापांच्या एका शब्दासाठी आसुसलेले असते. यार्देन नदीकाठी स्वर्गीय पित्याने पुत्राविषयी संतोष प्रकट केला, तेव्हा प्रभू येशूने एकही चमत्कार केलेला नव्हता. आम्ही मात्र परीक्षेचा निकाल लागेपर्यंत शाबासकी राखून ठेवतो. गुन्हेगार शेवटच्या पानावर सापडला तरी चालेल. मायेचा शब्द तेथवर खोळंबून राहू नये.