कुकिंग रेंज विकता? मग तिच्या शेजारची मोकळी जागाही तुमचीच जबाबदारी



विषय वाचून काही जण म्हणतील, "सर, आमचं कपड्यांचं दुकान, आमचा काय संबंध?" शेवटपर्यंत वाचा. संबंध आहे.

माझं दुकान किचन अप्लायन्सेसचं. सुरुवातीच्या काळात एका काकूंना 60 सेंटिमीटर रुंदीची कुकिंग रेंज विकली. वर चार बर्नर, खाली ओव्हन. त्यांच्या मॉड्युलर किचनचं काम चालूच होतं. मिस्त्रींनी फोनवर विचारलं, "शेठ, गॅप किती ठेवू?" मी म्हणालो, "साठची आहे, दोन फूट धरा." झालं माझं काम!

आता हिशोब बघा. दोन फूट म्हणजे 609.6 मिलिमीटर. रेंज 600 ची. उरले साडेनऊ. त्यातून दोन्ही बाजूंच्या सनमायक्याचा एकेक मिलिमीटर गेला. एका बाजूचं प्लाय दोन सूत आत कललेलं होतं, म्हणजे आणखी सहा गेले. हाती राहिला जेमतेम एक मिलिमीटर. रेंज ढकलून बसवली आणि आम्ही सगळे खूश. "काय फिट बसलीय!"

चार-पाच महिन्यांनी काकूंचा फोन आला. "दादा, गॅसचा वास येतोय." रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, लाईटच्या बटणाला हात लावू नका, 1906 वर कळवा, एवढं सांगून मी धावलो. गॅस कंपनीचा माणूस आला, पण रेंज बाहेरच निघेना. शेवटी बाजूची फळी फोडली. मागे नळी भिंतीला दाबली गेलेली, घडीवर चिरा पडलेल्या. ओव्हनच्या बाजूचा सनमायका पिवळा पडून सुटलेला. काही विपरीत घडलं नाही, हे आमचं नशीब. माझी हुशारी नाही.

मग सुरू झाला नेहमीचा खेळ. मिस्त्री म्हणाले, शेठने माप दिलं. डिझायनर म्हणाले, ड्रॉइंगमध्ये मॉडेल नंबरच नव्हता. मी म्हणालो, फिटिंग माझ्याकडे नव्हतं. तिघेही खरं बोलत होतो आणि काकू फुटलेल्या फळीकडे बघत होत्या.

माझं मत तिथे पक्कं झालं. मी रेंज विकतो, मिस्त्री कपाट विकतो, डिझायनर ड्रॉइंग विकतो. मधली मोकळी जागा कुणीच विकत नाही, म्हणून ती कुणीच मोजत नाही. ज्याने गिऱ्हाईकाकडून पहिला पैसा घेतला, त्याने ती मोजावी. म्हणजे आपण.

मोजायचं काय? पहिली गोष्ट, त्याच मॉडेलचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल उघडा. दिसायला सारख्या, रुंदीही तीच, तरी एक रेंज कपाटांच्या मधे बसवायला बनवलेली असते आणि दुसरीला बाजू मोकळ्या लागतात. अंदाज चालत नाही. माप मिलिमीटरमध्ये लिहून मिस्त्रींना द्या आणि ते सनमायका लागल्यानंतरचं, खाली, मधे आणि वर असं तीन ठिकाणी घ्यायला सांगा.

दुसरी, आपली भांडी. 14 इंची कढई बर्नरवर ठेवली की मध्यापासून सात इंच बाहेर येते. बर्नरच्या मध्यापासून सहा इंचांवर उंच कपाट असेल तर कढई कपाटाला टेकलीच. दिवाळीत चकल्या तळताना हे कळून उपयोग काय?

तिसरी, चिमणी. बऱ्याच कंपन्या 65 ते 75 सेंटिमीटर अंतर सांगतात. ते शेगडीच्या वरच्या पातळीपासून धरायचं. ओट्यापासून धरलं आणि रेंज ओट्यापेक्षा उंच निघाली, तर तेवढं अंतर कमी झालंच.

चौथी, नळी. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. जी दिसत नाही, जिथे हात पोचत नाही, ती कोण बदलणार? शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच.

आता तुम्ही म्हणाल, "सर, एवढी चौकशी करत बसलो तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." जातं. माझीही गेलीत. फ्लॅटमधलं किचन लहान, एकेका इंचासाठी ताई भांडतात, ते चुकीचंही नाही. तीन इंच मोकळे सोडा म्हटलं की त्यांना तिथे मसाल्याचा ट्रॉली दिसतो. पण जागा बसत नसेल तर मी साधी शेगडी सुचवतो. बिल लहान होतं, त्या महिन्याला टोचतं. फुटलेली फळी, दोन दिवसांची सुतारी आणि काकूंसमोर खाली घातलेली मान यापेक्षा ते मला स्वस्त वाटतं.

आता माझ्या कोटेशनमध्ये रेंजच्या किमतीखाली एक ओळ असते: "आवश्यक मोकळी जागा: डावी, उजवी, मागे, वर." समोर आकडे, खाली गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघांच्या सह्या. सह्या नाहीत तर डिलिव्हरी नाही.

आणि कपड्यांच्या दुकानवाल्या मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एक जागा आहे. तुम्ही कापड विकता, टेलर शिलाई विकतो. धुतल्यावर कापड किती आटेल, हे गिऱ्हाईकाला कोण सांगतं? या आठवड्यात आपल्या धंद्यातली ती जागा शोधा आणि बिलावर तिच्यासाठी एक ओळ वाढवा.