दहा मिनिटं आणि बंद काच

नवतपा लागला की वर्धेतली बाई दुपट्टा बांधल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. मुलांच्या खिशात कांदा, माठात वाळा, कूलरमध्ये पाणी, सगळं ठरलेलं. पारा ४५-४६ वर जातो, त्याचं आपल्याला नवल नाही. पण आता घरात लॅब्राडॉर आहे, पग आहे, दारात कारही आहे. आणि ‘साडी बदलून आणते, दहा मिनिटं बसू दे त्याला गाडीत’ हेही आहे.

जुलै २०२३ मध्ये आग्र्यात ताजमहालाजवळच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत ठेवलेला एका पर्यटकाचा कुत्रा असाच गेला. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली उन्हात गाडी ठेवून मोजमाप केलं होतं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. तिथे बाहेर २२ ते ३६ अंशांच्या दरम्यान होतं. आपली सुरुवातच ४५ ला! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून थंड होतो, आणि आतली हवाच तापली की धापही कामी येत नाही. चपट्या नाकाच्या पगचे तर हालच. (मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने तो घरोघर पोचवला, त्याच्या श्वासाची अडचण मात्र जाहिरातीत नव्हती.)

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आज तेवढ्यात धड नाश्ता होत नाही. २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा निघाला होता. जनावराला जाणूनबुजून मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण ‘लक्षातच आलं नाही हो’ म्हणणाऱ्याला ते कसं लागणार?

म्हणून भिस्त आपल्यावरच. लग्नाला निघताना कुत्र्याचं काय, हा प्रश्न बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतो. तेव्हा स्पष्ट सांगावं, तो घरीच राहील, कूलरजवळ. कार्यालयाबाहेर बंद गाडीत कुत्रा दिसला तर माइकवरून गाडीचा नंबर पुकारायला लावा, मालक सापडेना तर ११२ लावा. कुत्रा लटपटत असेल, लाळ गळत असेल तर सावलीत आणून अंगावर नळाचं साधं पाणी ओता, वारा घाला. पाणी तोंडात ओतू नका, पुढ्यात ठेवा. आणि तो सावरलेला वाटला तरी तडक पशुवैद्यकाकडे न्या, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या दिवशीही उमटते.