आणखी एक पाटा? नकोच!
या आठवड्यात धुळ्याच्या एका गॅरेजात प्रीमियर पद्मिनी दिसली. मागचे पाटे उतरवलेले, आणि मालक आणखी एक पाटा टाकायच्या हट्टाला पेटलेला. नका टाकू, भाऊ! पाटा वाढला की भार पेलतो, पण रिकामी गाडी पारोळ्यापर्यंत उड्या मारत जाते. फियाट ११०० च्या या वंशाला पुढे स्प्रिंगा, मागे पाटे. पाट्यांत गंज चढला की ते एकमेकांवर सरकत नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट कंबरेत येतो. ते सुटे करून घासा, ग्रीस लावा, झिजलेले रबरी बुश बदला, मग चांगले शॉकअप टाका. कडक पाटे जळगावच्या केळीच्या ट्रकला शोभतात. कुर्ल्यात घडलेल्या या घरगुती गाडीला मऊपणाच हवा.